बिंदू कोणता, चढ किती: डेरिव्हेटिव्ह आणि स्पर्शिकेची गणितं

क्ष² चा डेरिव्हेटिव्ह २क्ष, क्ष³ चा ३क्ष² हे बारावीच्या मुलांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण त्याच मुलांना ‘(१, −३) या बिंदूतून य = क्ष² या वक्राला स्पर्शिका काढा’ असं गणित घाला. बऱ्याच वह्यांत चढ २ आलेला दिसेल, आणि तो चूक असेल. डेरिव्हेटिव्ह बरोबर काढलेला असतो, रेषेचं समीकरण मांडायची रीतही बरोबर असते, तरी उत्तर चुकतं.

स्पर्शिकेच्या प्रत्येक गणितात दोन प्रश्न असतात. वक्रावरचा बिंदू कोणता? आणि त्या बिंदूपाशी वक्राचा चढ किती? दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्याकडे सूत्रांची मोठी यादी आहे, त्यामुळे सगळी मेहनत तिकडे जाते. पहिला प्रश्न उदाहरणात आपोआप सुटला आहे असं आपण धरून चालतो. सोप्या गणितांत तो खरोखरच सुटलेला असतो, आणि म्हणूनच सवय लागते. ही सवय मोडावी म्हणून खाली काही गणितं पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवली आहेत. शेजारी कागद आणि पेन ठेवा. नुसतं वाचून हे हाताला लागत नाही.

मजकुरात एक्स आणि वायच्या जागी क्ष आणि य वापरले आहेत. क्ष आडव्या अक्षावर, य उभ्या अक्षावर. क्ष मध्ये केलेली लहानशी वाढ म्हणजे ‘ह’.

दहावीची स्पर्शिका इथे पुरत नाही

दहावीत आपण वर्तुळाची स्पर्शिका शिकतो: वर्तुळाला एकाच बिंदूत छेदणारी रेषा, आणि स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला लंब. वर्तुळापुरती ही व्याख्या बिनचूक आहे. वर्तुळ सोडलं की ती दोन्ही बाजूंनी तुटते.

य = क्ष² हा पॅराबोला घ्या. क्ष = ३ ही उभी रेषा त्याला फक्त (३, ९) या एकाच बिंदूत भेटते. म्हणून ती स्पर्शिका होते का? मुळीच नाही, ती वक्राला सरळ भोसकून जाते. उलट बाजूने, य = क्ष³ − ३क्ष या वक्राच्या काही स्पर्शिका पुढे जाऊन त्याच वक्राला दुसऱ्या ठिकाणी छेदतात, तरी त्या स्पर्शिकाच असतात. म्हणजे ‘किती ठिकाणी भेटते’ हा निकष सोडून द्यायला हवा. निकष एवढाच की स्पर्शबिंदूच्या अगदी जवळ रेषा आणि वक्र यांची दिशा एक असावी. रात्री घाटातून गाडी चालवताना वळणावर हेडलाइटचा झोत रस्त्याबरोबर वळत नाही, त्या क्षणी गाडीचं तोंड जिकडे असेल तिकडे सरळ जातो. तो झोत म्हणजे त्या जागची स्पर्शिका. पुढे तो दुसऱ्या वळणावरच्या रस्त्यावर पडला, तर त्याने त्याची दिशा काही बदलत नाही.

छेदिकेपासून सुरुवात

य = क्ष² वरच्या (३, ९) या बिंदूपाशी चढ काढायचा आहे. चढाचं सूत्र आपल्याला माहीत आहे: य मधला फरक भागिले क्ष मधला फरक. त्याला दोन बिंदू लागतात, आणि आपल्याकडे एकच आहे. खरी अडचण ही आहे, आणि डेरिव्हेटिव्हची सगळी कल्पना या अडचणीतून जन्माला आली.

मग दुसरा बिंदू उसना घेऊ. क्ष = ४ घेतला तर य = १६. दोन बिंदूंना जोडणाऱ्या छेदिकेचा चढ (१६ − ९) ÷ १ = ७. दुसरा बिंदू जवळ आणू. क्ष = ३.१ असताना य = ९.६१, चढ ०.६१ ÷ ०.१ = ६.१. आणखी जवळ, क्ष = ३.०१ असताना य = ९.०६०१, चढ ६.०१. डाव्या बाजूनेही येऊन बघा, हे बहुतेक जण करत नाहीत आणि करायला हवं: क्ष = २.९ असताना य = ८.४१, चढ (८.४१ − ९) ÷ (−०.१) = ५.९. क्ष = २.९९ घेतला तर ५.९९. दोन्ही बाजूंनी आकडे ६ कडे सरकताहेत.

आता हेच एका फटक्यात करू. दुसरा बिंदू क्ष = ३ + ह इथे आहे. त्याचा य म्हणजे (३ + ह)² = ९ + ६ह + ह². फरक ६ह + ह². त्याला ह ने भागलं की छेदिकेचा चढ ६ + ह. वर मिळालेले पाचही आकडे या एका ओळीत बसतात, ताडून पाहा. ह शून्याकडे नेला की चढ ६ कडे जातो. हा ६ म्हणजे (३, ९) या बिंदूपाशी वक्राचा चढ, म्हणजेच क्ष = ३ असताना डेरिव्हेटिव्हची किंमत.

इथे विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला खटकायला हवं. आधी ह ने भागलं, म्हणजे ह शून्य नाही असं मानलं. नंतर ह शून्य केला. मग नक्की काय? ही शंका अगदी रास्त आहे. आयर्लंडमधले तत्त्वज्ञ आणि धर्मगुरू जॉर्ज बर्कली यांनी १७३४ मध्ये याच मुद्द्यावर न्यूटनच्या पद्धतीवर कडक टीका केली होती, आणि अशा राशींना त्यांनी ‘निघून गेलेल्या राशींची भुतं’ म्हटलं होतं. समाधानकारक उत्तर मिळायला एकोणिसावं शतक उजाडलं. ते उत्तर म्हणजे लिमिट. आपण ह ला शून्य करतच नाही. आपण एवढंच विचारतो की ह शून्याच्या हवा तितका जवळ आणला, पण शून्य नाही, तर ६ + ह कोणत्या संख्येच्या हवा तितका जवळ राहतो? ती संख्या ६ आहे. भागाकार करताना ह शून्य नव्हता, आणि शेवटीही नाही. वर्गात शंका विचारणाऱ्या मुलाला ‘ते तसंच असतं’ म्हणून गप्प करू नये; त्याची शंका बर्कलींच्या पंगतीतली आहे.

३ च्या जागी कोणताही क्ष घेतला तर हाच हिशेब २क्ष + ह देतो, आणि डेरिव्हेटिव्ह २क्ष येतो. क्ष³ साठी फरक ३क्ष²ह + ३क्षह² + ह³ असतो. ह ने भागल्यावर पहिलंच पद ह शिवाय उरतं: ३क्ष². घात खाली उतरतो आणि एकाने कमी होतो, या नियमाचं मूळ या विस्तारात आहे.

रेषा मांडू. बिंदू (३, ९), चढ ६. म्हणून य − ९ = ६(क्ष − ३), म्हणजे य = ६क्ष − ९. आता तपासणी. वक्र आणि रेषा कुठे भेटतात ते पाहायला क्ष² = ६क्ष − ९ मांडा. सगळं एका बाजूला आणलं की क्ष² − ६क्ष + ९ = ०, म्हणजे (क्ष − ३)² = ०. क्ष = ३ हे मूळ दोनदा आलं. छेदिकेचे दोन बिंदू सरकत सरकत एक झाले, त्याची ही बीजगणितातली खूण. बहुपदी वक्राच्या स्पर्शिकेची ही तपासणी मिनिटभरात होते, आणि परीक्षेत कुणाला विचारावं न लागता कळतं की आपलं उत्तर बरोबर आहे की नाही.

हाच हिशेब वेगाचा

उंचावरून सोडलेली वस्तू, हवेचा विरोध सोडून दिला तर, ट सेकंदांत साधारण ४.९ट² मीटर पडते. दोन सेकंद झाल्याच्या नेमक्या क्षणी तिचा वेग किती? वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, पण एका क्षणात अंतरही शून्य आणि वेळही शून्य. पुन्हा तीच अडचण, म्हणून पुन्हा तोच उपाय. २ ते २.१ सेकंदांतला सरासरी वेग २०.०९ मीटर प्रतिसेकंद. २ ते २.०१ मध्ये १९.६४९. सामान्य रूपात १९.६ + ४.९ह. उत्तर १९.६ मीटर प्रतिसेकंद. छेदिकेचा चढ म्हणजे सरासरी वेग, स्पर्शिकेचा चढ म्हणजे त्या क्षणीचा वेग. एवढं पक्कं झालं की भौतिकशास्त्रातली निम्मी भीती जाते.

क्षणाचा वेग ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या सिद्धांतशिरोमणीत ग्रहाची ‘तात्कालिक गती’ येते. चंद्राची गती दिवसभरात बदलत राहते, म्हणून तिथी संपण्याची वेळ जवळ असेल तेव्हा दिवसाच्या सरासरी गतीवर भागवू नये, त्या वेळची गती घ्यावी, असं ते सांगतात. त्यासाठी ज्येतला अगदी लहान फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो हे त्यांनी वापरलं. आजच्या भाषेत साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन, त्याचं हे बीज. चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने स्थापलेल्या मठाची साक्ष देतो. कोणत्याही फंक्शनला लागू पडेल अशी डेरिव्हेटिव्हची नियमबद्ध पद्धत मात्र सतराव्या शतकात युरोपात उभी राहिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीचा मोठेपणा सांगायला दुसरी लपवावी लागत नाही.

बिंदू वक्रावर नसेल तर

आता सुरुवातीच्या गणिताकडे. (१, −३) या बिंदूतून य = क्ष² ला स्पर्शिका काढायची आहे. घाईत काय होतं? डेरिव्हेटिव्ह २क्ष, क्ष = १ घातला, चढ २, रेषा य + ३ = २(क्ष − १), म्हणजे य = २क्ष − ५. ओळी सगळ्या नीट दिसतात. तपासणी करा: क्ष² = २क्ष − ५, म्हणजे क्ष² − २क्ष + ५ = ०. विवेचक ४ − २० = −१६. मूळच नाही. ही रेषा पॅराबोलाला स्पर्श करणं दूरच, कुठे भेटतसुद्धा नाही.

कारण उघड आहे. क्ष = १ असताना वक्रावर य = १ असतो, −३ नाही. दिलेला बिंदू वक्राच्या खाली, बाहेर आहे. डेरिव्हेटिव्ह वक्रावरच्या बिंदूपाशीच चढ सांगतो. बाहेरच्या बिंदूविषयी तो काहीही बोलत नाही. इथे स्पर्शबिंदू दिलेलाच नाही, तो शोधायचा आहे. आणि जे शोधायचं असतं त्याला बीजगणितात नाव द्यायचं असतं.

स्पर्शबिंदूचा क्ष-निर्देशक ‘अ’ मानू. बिंदू (अ, अ²). तिथे चढ २अ. स्पर्शिका: य − अ² = २अ(क्ष − अ), सोपं करून य = २अक्ष − अ². आता ही रेषा (१, −३) मधून जायला हवी, म्हणून −३ = २अ − अ². म्हणजे अ² − २अ − ३ = ०, अवयव (अ − ३)(अ + १). अ = ३ किंवा अ = −१. दोन स्पर्शिका मिळाल्या: य = ६क्ष − ९ आणि य = −२क्ष − १. दोन्हींत क्ष = १ घाला, य = −३ येतो. पहिली तर आपण वर काढलेलीच रेषा आहे.

हे गणित मला फार आवडतं, कारण त्यात एका अक्षराने सगळा गोंधळ मिटतो. क्ष हा रेषेवर फिरणारा, अ हा स्पर्शबिंदूचा, एकदा ठरला की न हलणारा. दोन वेगळ्या भूमिका एकाच अक्षराला दिल्या, तर य − क्ष² = २क्ष(क्ष − क्ष) अशी निरर्थक ओळ तयार होते आणि वह्यांत ती खरोखर दिसते. शिक्षकांनी पहिल्या आठवड्यापासून स्पर्शबिंदूसाठी वेगळं अक्षर वापरायला लावावं असं मला मनापासून वाटतं.

बिंदू बदलून बघा. (२, ५) घेतला तर ५ = ४अ − अ², म्हणजे अ² − ४अ + ५ = ०. विवेचक १६ − २० = −४. स्पर्शिका नाही. हे उत्तर चुकलेलं नाही. क्ष = २ असताना पॅराबोला ४ वर आहे आणि आपला बिंदू ५ वर, म्हणजे पॅराबोलाच्या पोटात. आतल्या बिंदूतून जाणारी कोणतीही रेषा वक्राला स्पर्श करून निघून जाऊ शकत नाही. विवेचक धन असेल तर बिंदू बाहेर आणि दोन स्पर्शिका, शून्य असेल तर बिंदू वक्रावरच आणि एक स्पर्शिका, ऋण असेल तर बिंदू आत आणि एकही नाही. दहावीतला विवेचक इथे चित्र होऊन समोर येतो.

पुन्हा छेदणारी स्पर्शिका

य = क्ष³ − ३क्ष. डेरिव्हेटिव्ह ३क्ष² − ३. ‘स्पर्शिका आडवी कुठे आहे?’ असं विचारलं तर चढ शून्य ठेवा: क्ष = १ आणि क्ष = −१. इथे थांबू नका, प्रश्न बिंदूंचा आहे. मूळ समीकरणात किंमती घालून (१, −२) आणि (−१, २) मिळतात. किंमत मूळ फंक्शनमध्ये घालायची की डेरिव्हेटिव्हमध्ये, हा घोळ सगळ्यांत जास्त होतो. बिंदूची उंची हवी असेल तर मूळ फंक्शन, चढ हवा असेल तर डेरिव्हेटिव्ह.

क्ष = २ पाशी य = ८ − ६ = २, चढ १२ − ३ = ९, स्पर्शिका य = ९क्ष − १६. तपासणी: क्ष³ − ३क्ष = ९क्ष − १६, म्हणजे क्ष³ − १२क्ष + १६ = ०. क्ष = २ हे मूळ दोनदा येणार हे आपल्याला माहीत आहे, म्हणून अवयव लगेच पडतात: (क्ष − २)²(क्ष + ४). रेषा वक्राला (−४, −५२) इथे पुन्हा भेटते. आता क्ष = १ ची आडवी स्पर्शिका य = −२ घ्या; ती क्ष = −२ पाशी पुन्हा भेटते. २ वरून −४, १ वरून −२. हा योगायोग नाही. क्ष² चं पद नसल्यामुळे तिन्ही मुळांची बेरीज शून्य होते, आणि त्यातली दोन अ असतील तर तिसरं −२अ असलंच पाहिजे. मग अ = ० असेल तर? तिसरं मूळही ०. आरंभबिंदूपाशी स्पर्शिका य = −३क्ष, आणि क्ष³ = ० हे तिहेरी मूळ. तिथे स्पर्शिका वक्राला स्पर्श करता करता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ओलांडून जाते. ‘स्पर्शिका वक्र ओलांडत नाही’ हा समजही इथे संपतो.

स्पर्शिका नसते किंवा उभी असते अशा जागाही आहेत. क्ष चं केवलमूल्य आलेखावर काढलं तर शून्यापाशी टोक येतं. उजवीकडून चढ १, डावीकडून −१, दोन्ही बाजूंचं एकमत नाही, म्हणून डेरिव्हेटिव्ह नाही. क्ष च्या घनमुळाला शून्यापाशी स्पर्शिका आहे, पण उभी. तिचा चढ कोणत्याही संख्येत सांगता येत नाही. डाव्या बाजूनेही येऊन बघा असं वर म्हटलं ते या टोकांसाठी.

नियम विसरलात तर

गुणाकाराचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे डेरिव्हेटिव्हचा गुणाकार, असं मनाला वाटतं. क्ष × क्ष वर तपासा: १ × १ = १ येईल, खरं उत्तर २क्ष. पहिला तसाच ठेवून दुसऱ्याचा डेरिव्हेटिव्ह, अधिक दुसरा तसाच ठेवून पहिल्याचा: क्ष × १ + क्ष × १. जुळलं.

कंसाबाहेर घात असताना आतला डेरिव्हेटिव्ह विसरणं ही दुसरी नेहमीची चूक. (क्ष² + १)³ चा डेरिव्हेटिव्ह ३(क्ष² + १)² × २क्ष. क्ष = १ पाशी तो ३ × ४ × २ = २४. शेवटचा २क्ष राहून गेला तर १२. कोणता खरा, हे कॅल्क्युलेटरवर बघता येतं. क्ष = १ असताना किंमत ८. क्ष = १.०१ असताना किंमत जवळजवळ ८.२४३६. फरक ०.२४३६ ला ०.०१ ने भागा: २४.३६. उत्तर २४ च्या आसपास आहे, १२ च्या नाही. कोणत्याही नियमाविषयी शंका आली की छोटा ह घेऊन अशी छेदिका काढा. सूत्र विसरता येतं, पण व्याख्या हाताशी असेल तर अडून राहावं लागत नाही.

स्पर्शिका कशाला काढायची?

एक सरळ उपयोग: अवघड वक्राच्या जागी, थोड्याशा अंतरापुरती, सोपी रेषा वापरता येते. √२६ किती? √क्ष चा चढ आधी काढू. छेदिकेचा चढ (√(क्ष + ह) − √क्ष) ÷ ह. अंशाचं परिमेयीकरण केलं की वर ह उरतो, तो छेदातल्या ह बरोबर जातो, आणि राहतं १ ÷ (√(क्ष + ह) + √क्ष). ह शून्याकडे नेला की १ ÷ (२√क्ष). क्ष = २५ पाशी चढ १/१०. स्पर्शिकेवरून एक पाऊल पुढे गेलो की ५ + ०.१ = ५.१. खरी किंमत ५.०९९०. तोंडी हिशेबाला हे फार चांगलं उत्तर आहे. पण त्याच रेषेवरून ३६ पर्यंत चालत गेलात तर ५ + १.१ = ६.१ येईल, आणि √३६ तर ६ आहे. वर्गमुळाचा वक्र पुढे पुढे मंदावत जातो, म्हणून त्याची स्पर्शिका कायम त्याच्या वर असते आणि अंदाज नेहमी थोडा जास्तच येतो. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं त्याला स्पर्शिका वापरता आली.

देकार्तचं आव्हान

शेवटचं गणित इतिहासातलं घेऊ. फ्रान्समधल्या तुलूझ शहरात न्यायालयाचं काम करणाऱ्या पिएर द फेर्मा यांनी न्यूटन आणि लायब्निझ यांच्या आधीच स्पर्शिका काढण्याची स्वतःची रीत बसवली होती. रने देकार्त यांना ती पटली नाही. १६३८ मध्ये त्यांनी एक वक्र पुढे केला आणि याची स्पर्शिका काढून दाखवा म्हणून आव्हान दिलं. फेर्मांनी ती काढली. आज आपण त्याच वक्राचं एक रूप घेऊ: क्ष³ + य³ = ६क्षय. आरंभबिंदूपाशी स्वतःलाच छेदणारा, मध्ये एका पाकळीचा वेढा असलेला हा वक्र आहे.

इथे य एकटा बाजूला काढणं कठीण आहे, आणि गरजही नाही. य हा क्ष वर अवलंबून आहे एवढं लक्षात ठेवून दोन्ही बाजूंचा डेरिव्हेटिव्ह घ्यायचा. य चा डेरिव्हेटिव्ह ‘च’ म्हणू, तोच आपला चढ. डावीकडे ३क्ष² + ३य²च. उजवीकडे गुणाकाराचा नियम: ६य + ६क्षच. च असलेली पदं एकत्र आणली आणि ३ ने भागलं की च = (२य − क्ष²) ÷ (य² − २क्ष).

चढाच्या सूत्रात आता क्ष आणि य दोन्ही आहेत. म्हणजे ‘बिंदू कोणता’ हा प्रश्न इथे टाळताच येत नाही. (३, ३) घ्या. आधी तो वक्रावर आहे का? २७ + २७ = ५४, आणि ६ × ९ = ५४. आहे. चढ (६ − ९) ÷ (९ − ६) = −१. स्पर्शिका क्ष + य = ६. क्ष आणि य ची अदलाबदल केली तरी वक्र बदलत नाही, त्यामुळे (३, ३) पाशी −१ येणार हे आधीच ओळखता आलं असतं. (४/३, ८/३) हा बिंदू तसा सोपा नाही. त्यासाठी अंश ३२/९, छेद ४०/९, चढ ४/५, आणि स्पर्शिका ४क्ष − ५य + ८ = ०. बिंदू वक्रावर आहे याची खात्री आणि रेषेची मांडणी वहीत करून पाहा.

आणि (०, ०)? बिंदू वक्रावर आहे, पण सूत्रात ० ÷ ० येतं. याचा अर्थ तिथे स्पर्शिका नाही असा लावू नका. वक्र या बिंदूतून दोनदा जातो, आणि एकच चढ मागणारं सूत्र तिथे उत्तर देऊ शकत नाही. तेव्हा दोन फांद्या वेगळ्या करून बघाव्या लागतात. एका फांदीवर य हा क्ष पेक्षा खूपच लहान असतो, म्हणून य³ जवळपास नगण्य, आणि उरतं क्ष³ ≈ ६क्षय, म्हणजे य ≈ क्ष²/६. आरंभबिंदूपासून या फांदीवरच्या बिंदूपर्यंतच्या छेदिकेचा चढ क्ष/६ च्या आसपास, आणि क्ष शून्याकडे गेला की तोही शून्याकडे. म्हणून या फांदीची स्पर्शिका आडवा अक्ष. दुसऱ्या फांदीवर क्ष आणि य यांच्या जागा बदलतात, आणि तिची स्पर्शिका उभा अक्ष. एकाच बिंदूतून दोन स्पर्शिका, एकमेकींना लंब.